आग्रहाचा घोट

मी माझ्या सासऱ्यांचं पाणी तोडलं, हे म्हैसने घराण्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेही ऐन उन्हाळ्यात, अकोल्यात, पारा सत्तेचाळीसच्या वर असताना, आणि त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी भर हॉलमध्ये. लग्नकार्यात गेले की बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करतात. परवा एकीने मला पाण्याचा पेला पुढे करताना "घ्या, आम्ही नाही बा कोणाला पाण्याला नाही म्हणत" असं ऐकवलं. म्हणून एकदा काय झालं ते सांगून टाकते. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल मोबाइल बघत बसावं. सवय आहेच.

मी ज्योत्स्ना. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा विलास वीज कंपनीत आहे. सासरे शालिग्राम म्हैसने; आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या भोंग्यातून अकोट, शेगाव, मूर्तिजापूरच्या गाड्या लागल्याचं ज्या आवाजात सांगितलं जायचं, तो आवाज यांचा. थोरले दीर प्रमोदभाऊजी टोरांटोत असतात आणि नणंद संध्याताई पुण्यात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही तिघंच.

गेल्या उन्हाळ्यात मामाजी पोर्चमध्ये चक्कर येऊन पडले. म्हातारपणी तहान मेंदूपर्यंत पोचेनाशी होते. शरीर आतून सुकत असतं आणि माणूस म्हणतो, नको, आत्ताच तर प्यालो. आमच्या गल्लीतल्या डॉ. काझी मॅडम धावत आल्या. मी ॲडमिट करायची तयारी करत होते. त्यांनी मामाजींना कुशीवर वळवलं, खांद्याच्या खालची पाठीची कातडी चिमटीत उचलली आणि तिच्यात एक आखूड, बारीक सुई खोचली. सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला अडकवली.

"शीर नाही शोधली, मॅडम?" मी विचारलं.

"यांच्या शिरा आत्ता सापडणार आहेत का? आणि गरजही नाही. कातडीखाली दिलं तरी पोचतं. सावकाश पोचतं, पण पोचतं."

संध्याकाळी मामाजी उठून बसले आणि कढी-खिचडी मागू लागले. मी चकित झाले. मग वाचून काढलं. कातडीच्या खाली एक सैलसर थर असतो. पाठीवर चिमटा काढला की बोटांत येतो तो हाच. त्यात बारीक धाग्यांचं जाळं असतं आणि जाळ्यात लापशीसारखा चिकट पदार्थ. तिथे मिठाचं पाणी सोडलं की आधी टेंगूळ येतं, मग ते पाणी आजूबाजूच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत मुरत जातं. सोबत एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडलं तर ते लापशी तेवढ्यापुरती पातळ करतं आणि पाणी भराभर पसरतं. एखाद्या दिवसात सगळं पूर्ववत. पद्धत खूप जुनी. शिरेतून सलाईन द्यायची सोय झाली तशी ती मागे पडली, पण म्हाताऱ्या माणसांसाठी आजही सोन्यासारखी आहे. हॉस्पिटलात न्यायला नको, सुई निघाली तरी रक्त वाहत नाही, आणि माणूस आपल्या पलंगावर आपल्या माणसांत राहतो.

"पण एक लक्षात ठेवा," काझी मॅडम निघताना म्हणाल्या होत्या. "यांचं हृदय निम्म्या ताकदीनं चालतंय. पाणी कमी पडलं तर धोका आणि जास्त झालं तरी धोका. पंप दमलेला असला की पाणी पुढे जात नाही, साचतं. आधी पायात, मग फुप्फुसात. हे औषध आहे, सरबत नाही."

हे वाक्य मी घरातल्या सगळ्यांना पाठवलं. सगळ्यांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

यंदा मार्चमध्ये भाऊजींनी टोरांटोहून ऑर्डर करून 'पाझर' पाठवला. छातीवरून आडवा जाणारा मऊ पट्टा, पाठीशी चिकटणारी चकती, चकतीत आठवडाभर टिकणारी केसासारखी सुई, कमरेला पाण्याची पिशवी आणि तिच्यातच मिसळलेलं ते विकर. चकतीतला सेन्सर कातडीखाली ओल किती आहे ते बघतो आणि कमी झाली की आपोआप पाणी सोडतो. मशीन वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी मला 'जुनाट' म्हणून झालं. एकट्या राहणाऱ्या किती म्हाताऱ्यांना त्याने या उन्हाळ्यात वाचवलं असेल. मशीन तेवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याची पूजा केली असती.

पण कंपनीने आपल्या लोकांचा अभ्यास केला होता. आपल्याकडे जरा थकवा आला की डॉक्टरकडे जाऊन "एक सलाईन चढवून द्या" म्हणायची पद्धत. जो चढवत नाही तो डॉक्टर बिनकामाचा. आणि पंगतीत "माझ्यासाठी एक, एवढी एकच" म्हणत ताटात जिलबी टाकल्याशिवाय कोणाला जेवू घातल्याचं समाधान मिळत नाही. या दोन्ही सवयी कंपनीने एका बटणात बसवल्या. बटणाचं नाव 'आग्रहाचा घोट'. घरातलं कोणीही, जगात कुठेही असो, ॲपवर ते बटण दाबलं की इथे मामाजींच्या पाठीत पाव पेला पाणी जादा सुटायचं. आणि पट्ट्यातल्या छोट्या स्पीकरमधून गोड आवाज यायचा, "प्रमोदकडून घोट."

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मामाजी दचकले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. "टोरांटोहून आला का हा?" त्यांनी विचारलं. "एवढ्या लांबून? गाडी लेट नाई झाली!"

दिवसभर घोट येऊ लागले. संध्याकडून घोट. नातवाकडून घोट. मूर्तिजापूरच्या चुलतभावाकडून घोट. ॲपवर आठवड्याचा तक्ता यायचा, कोणी किती पाजलं त्याचा, आणि पहिल्या नंबराच्या नावापुढे सोनेरी लोटा. संध्याताईंना भाऊजींच्या पुढे जायचं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्या बाबांना पाणी पाजत होत्या. बाबांशी बोलत मात्र नव्हत्या. बोलायचं काय, घोट तर पाठवला.

एक दिवस मी शाळेतून आले तर मामाजी त्यांच्या खोलीत पलंगावर, आणि विलास बाहेरच्या खोलीत सोफ्यावर कूलरसमोर. आतून आवाज आला, "विलासकडून घोट."

"तुम्ही इथंच बसले आहात ना?" मी म्हटलं. "उठून पेला नेऊन दिला तर पाय मोडतील का?"

"तू चिडते कायले? पाणी पोचलं ना?"

"दोन शब्द बोलणं झालं असतं."

"बाबांना आवाज ऐकू येतो. माझं नाव येते त्याच्यात."

मी आत गेले. मामाजींचे ओठ सुकून त्यांना चिरा पडल्या होत्या. कातडीखालच्या पाण्याने तोंड ओलं होत नाही, एवढी साधी गोष्ट. पण घरात कोणी पेला घेऊन येईनासं झालं होतं आणि मामाजींनी मागणं सोडलं होतं. मी ताक नेलं. ते चवीचवीने प्याले, आणि माझ्याशी बोलताना त्यांचं अर्धं लक्ष पट्ट्याकडे होतं.

एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या चपला होईनात. मी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. शाळेत मी मुलांना शिकवते, बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर तिथे पाणी साचलंय. काझी मॅडमना बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मशीनचा आकडा बघून कपाळावर हात मारला.

"मी सांगितलेल्याच्या तिप्पट जातंय! कोण देतंय एवढं?"

"सगळे," मी म्हटलं. "प्रेमानं."

"आजपासून तोंडानं जे जाईल ते धरून एक-सव्वा लिटर. त्याच्या वर थेंब नाही. मशीनवर मर्यादा टाका."

मर्यादा टाकायला गेले तर मशीन म्हणालं, सहायकाला हा अधिकार नाही. पाझरमध्ये मी 'सहायक' होते. पिशवी बदलणं, चकतीभोवतीची कातडी पुसणं आणि चार्जिंग करणं, एवढंच माझ्याकडे. पिशवी रिकामी ठेवली की सगळ्यांच्या मोबाइलवर 'बाबा तहानलेले' असा निरोप जायचा आणि विलास येऊन ती भरायचा. वीस वर्षं ज्यांना वाढून जेवू घातलं, त्यांच्या बाबतीत माझी जागा तेवढी. मर्यादा ठरवायचा अधिकार 'मुख्य अपत्या'चा, म्हणजे ज्याने ऑर्डर दिली त्या टोरांटोकर भाऊजींचा. एका माणसाने दिवसाला किती घोट द्यावेत यावर बंधन होतं. पण घेणाऱ्या एका म्हाताऱ्याला सगळ्यांचे मिळून किती होतात, हे कंपनीच्या शहाण्यांना मोजावंसं वाटलं नव्हतं. पंगतीत वाढणारे दहा असले तरी जेवणारा ताटावर आडवा होऊन दोन्ही हातांनी ताट झाकू शकतो. पाठीला लावलेल्या सुईवर हात झाकणार कसा?

मी भाऊजींना फोन लावला.

"ज्योत्स्ना, मी बातम्या बघतोय," ते म्हणाले. "अकोला देशात सगळ्यात गरम. आणि तू म्हणतेस बाबांचं पाणी कमी कर?"

"मी नाही, डॉक्टर म्हणतात. त्यांचं हृदय..."

"गल्लीतली डॉक्टर. ॲपवर बाबांची ओल हिरवी आहे. मशीनला जास्त कळतं की तिला?"

"भाऊजी, मशीनला ओल कळते. पाय सुजले ते मला दिसतं. तुम्ही येऊन बघा."

"ते शक्य असतं तर हे मशीन कशाला पाठवलं असतं?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा कापला. ते वाईट माणूस नाहीत. वडिलांजवळ नसल्याची टोचणी त्यांना रोज असते, आणि कंपनीने ती टोचणी ओळखून तिच्यावर बटण बसवलं. पण आपली टोचणी शमवायला दुसऱ्याच्या फुप्फुसात पाणी भरायचं, हे मला आजही पटत नाही. भाऊजींनी मर्यादा टाकली. दोन दिवसांनी पारा आणखी चढल्याची बातमी आली आणि त्यांनी ती काढून टाकली.

कंपनीला फोन केला. तिथला सौरभ नावाचा माणूस फार नम्र होता. "मॅडम, आम्ही कुटुंबाच्या भावनांमध्ये हस्तक्षेप करत नाही."

"भावनांमध्ये नका करू. पाण्यात करा."

"आमच्या अनुभवानुसार, मॅडम, आपल्याकडे आग्रहाने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही." असं म्हणून त्याने मला सेवेबद्दल तारे द्यायला सांगितले.

सहस्रचंद्रदर्शनाचा घाट संध्याताईंनी घातला. मामाजी ऐंशी पूर्ण करून पुढे आले होते. मी म्हटलं, घरातल्या घरात करू, ते थकलेत. पण हॉल ठरला आणि पत्रिका छापून आल्या. पत्रिकेच्या तळाशी मोबाइलने टिपायचा चौकोन आणि खाली ओळ: 'आपला एक घोट हाच आमचा आहेर.' कंपनीने अशा समारंभांसाठी वेगळी 'उत्सव' सोय केली होती. त्या दिवसापुरता कोणीही पाहुणा घोट देऊ शकतो, विकराचं प्रमाण दुप्पट होतं, पाणी झटपट मुरतं, आणि माणसामागचं बंधनही उठतं.

"ताई, हे बंद करा," मी म्हटलं. "हात जोडते."

"अगं, लोकांनी बाबांना पाणी पाजावं यात तुला काय खुपतं? हारतुऱ्यांपेक्षा बरं नाही का?"

विलासकडे बघितलं. तो म्हणाला, "एका दिवसानं काय होते?"

हॉलमध्ये मामाजींना फेटा बांधून खुर्चीत बसवलं होतं. मोठ्या पडद्यावर टोरांटोहून भाऊजी, वहिनी आणि मुलं. दिव्यांनी ओवाळणं झालं. मग लोकांनी मोबाइल काढले आणि पट्ट्याने बोलायला सुरुवात केली. गावंडेकडून घोट. अनुराधाकडून घोट. डेपोतल्या मित्रमंडळाकडून घोट. नाव आलं की लोक टाळ्या वाजवत आणि ज्याचं नाव त्याने हात वर करायचा. मामाजी सुरुवातीला प्रत्येक नावाला मान डोलवत होते. डेपोच्या नावाला तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नंतर नावं एकावर एक चढू लागली, आवाज पूर्ण नावही घेईना. मामाजींनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागले. मी जवळ गेले तर त्यांच्या छातीतून हुक्क्यातल्यासारखा बुडबुड आवाज येत होता आणि ओठ निळसर झाले होते.

"मामाजी, काय होते?"

"काई नाई," ते कसेबसे म्हणाले. "लोक... द्यायले राह्यले ना. देऊ दे."

मी ओरडले, "थांबवा! घोट थांबवा!" कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि मी गंमत करतेय असं वाटलं. मी पट्ट्यावरचं थांबवायचं बटण दाबलं. त्याच गोड आवाजात उत्तर आलं, "सहायकाला हा अधिकार नाही." त्या क्षणी मला काय झालं ते मी लपवत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येईल इतका संताप आला. कोटाखाली हात घातला, चकती धरली आणि कातडीसकट निघाली तरी चालेल अशा जोराने ओढून काढली. पट्टा स्टेजवर आपटला. सुईतून पाणी सतरंजीवर गळत राहिलं आणि पट्टा नावं घेत राहिला.

"अगं बाई! बाबांचं पाणी तोडलं हिनं!" संध्याताई किंचाळल्या. "सगळ्यांदेखत पाणी तोडलं!"

तेच वाक्य मग अकोल्यापासून टोरांटोपर्यंत गेलं.

काझी मॅडम तेवढ्यात हॉलमध्ये पोचल्या म्हणून निभावलं. प्राणवायू, लघवी व्हायचं इंजेक्शन, रात्रभर बसून राहणं. आत साचलेलं पाणी उतरायला दोन दिवस गेले. मॅडमनी नातेवाइकांना हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं करून सरळ सांगितलं की तुमचे वडील कोरड्या जमिनीवर बुडत होते. संध्याताई रडल्या. पण रडून झाल्यावर म्हणाल्या, "तरी तिनं असं सगळ्यांसमोर ओढायला नको होतं." भाऊजी फोनवर गरजले, "मी जूनमध्ये येतो. तिथं काय चाललंय ते स्वतः बघतो." मला धमकी होती ती. मामाजींनी त्यातला 'येतो' एवढाच शब्द ऐकला. तोंडावरचा मास्क सरकवून ते मला म्हणाले, "जूनमंदी येतो म्हन्ते प्रमोद."

घरी आल्यावर पट्टा मी कपाटात टाकला. आता पाणी मी हाताने पाजायला लागले, ठरलेलं तेवढं, थोडं थोडं. कधी ताक, कधी धन्याचं पाणी. पेल्यासोबत मी बसायची, ते डेपोतल्या गोष्टी सांगायचे. सूज उतरली. चपला व्हायला लागल्या. आणि घोट थांबले तसे फोनही येईनात.

एकाचाही नाही. ना पुण्याचा, ना टोरांटोचा, ना मूर्तिजापूरचा. ज्यांना दिवसातून चार वेळा पाणी पाजायला सुचत होतं, त्यांना महिन्यातून एकदा "बाबा, जेवलात का" विचारणं सुचेना. बटण गेलं तसा बापही गेला. माझ्या अंगाची आग होत होती. फोन करून एकेकाला फैलावर घ्यावं असं वाटे, पण मामाजी नको म्हणायचे. "कामात असतीन," म्हणायचे.

एके सकाळी त्यांनी मला पलंगाशी बसवलं. "पोरी, तो पट्टा लाव मले."

"मामाजी, जीव जात होता त्यानं तुमचा!"

"मले काय समजत नाई? पन नाव तं यायचं ना दिवसाले. पानी नको देऊ तं नको देऊ. नुसतं नाव येऊ दे."

मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचासुद्धा आला. पोरांनी इतकं स्वस्त करून टाकलं आणि हे अजून त्यातच खूश! पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यभर परक्या गाड्यांची नावं पुकारली, आता त्याला आपल्या माणसांची ऐकायची आहेत, त्याला काय सांगणार? मी सौरभला फोन केला. विचारलं, पाणी न सोडता नुसती नावं येऊ शकतात का? तो म्हणाला, "नाही मॅडम, ग्राहकाने दिलेला घोट पोचवणं आमचं कर्तव्य आहे. न पोचवणं ही फसवणूक होईल." प्रामाणिकपणाचा हा प्रकार ऐकून मी फोन आपटला.

तोडगा मला गच्चीवर सापडला. पट्टा कपाटातून काढून, पुसून ओल्या टॉवेलवर उन्हात ठेवला होता. चालू राहिला असावा. थोड्या वेळाने तो आपण होऊन म्हणाला, "बाबांची ओल उत्तम." मी चमकले. सेन्सर ओल बघतो आणि ऊब बघतो, एवढंच. नाडी बघतच नाही! नाडी बघायला वेगळा भाग लागला असता आणि तो कंपनीने वाचवला होता. आणि ऊब? अकोल्याच्या मे महिन्यात सावलीत ठेवलेली कोणतीही वस्तू माणसाइतकी गरम होते.

स्वयंपाकघरात एक मोठं कोहळं पडलं होतं. मी त्याच्या सालीचा टिकलीएवढा तुकडा काढला, आतल्या गरात सुई खोचली, चकती वर चिकटवली, पट्टा गुंडाळला आणि ते मामाजींच्या उशाशी खिडकीत, परातीत ठेवलं. पट्ट्याने क्षणभर विचार केला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप धाडला, "बाबा पुन्हा पाझरवर आले आहेत."

तासाभरात सुरू झालं. संध्याकडून घोट. प्रमोदकडून घोट. पाणी कोहळ्यात मुरायचं, जादाचं परातीत गळायचं. मामाजी आधी हसून हसून खोकले. मग हसू ओसरलं आणि ते नुसतेच ऐकत पडले. विलासने खोलीत येऊन ते बघितलं आणि त्याचं तोंड खर्रकन उतरलं. तो पेलाभर ताक घेऊन आला आणि वडिलांजवळ बसला. त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ. त्या दिवसापासून त्याने बटण दाबलं नाही.

बाकीच्यांपैकी कोणालाही संशय आला नाही. कोहळ्याचा तक्ता दिवसेंदिवस सुधारत होता. ओल हिरवी, झोप शांत, 'बाबा समाधानी' असा शेरा. संध्याताईंना सोनेरी लोटा मिळाला आणि त्यांनी तो सगळ्या ओळखीच्यांना पाठवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी प्रत्यक्ष फोन. मी मामाजींच्या खोलीतच होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"ज्योत्स्ना, झालं गेलं विसरून जा," ते मोकळ्या आवाजात म्हणाले. "तू ऐकलंस हे बरं केलंस. मी रोज तक्ता बघतो. बाबा इतके ठणठणीत गेल्या दोन वर्षांत नव्हते. म्हणून मी काय ठरवलं, यंदा येत नाही. रजा पुढच्या वर्षी घेतो. एवढं छान चाललंय तर उगीच धावपळ कशाला?"

मी मामाजींकडे बघितलं. कालच त्यांनी विलासकडून दाढीचं नवीन ब्लेड आणवलं होतं, प्रमोद येणार म्हणून. त्यांचा चेहरा पडला. माझ्या युक्तीने त्यांना नावं मिळवून दिली होती आणि पोरगा हिरावून घेतला होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"भाऊजी," मी म्हटलं, "तक्ता कोहळ्याचा आहे."

"काय?"

"कोहळं. भाजीचं. बाजारातून आणलेलं. तुमच्या वडिलांच्या उशाशी परातीत ठेवलंय आणि तुमची ती सुई त्याच्यात खोचलीय. तुम्ही सगळे त्याला पाणी पाजताय. ते ठणठणीत आहे, ते समाधानी आहे, त्याला झोप शांत लागते. तुम्हाला फरक कळला नाही, भाऊजी! तुम्ही बापाला बघायला येत नाही, कारण कोहळ्याची तब्येत चांगली आहे!"

इतक्यात खिडकीतून पट्टा बोलला, "संध्याकडून घोट." आणि परातीत टप टप पाणी गळायला लागलं. टोरांटोपर्यंत ते ऐकू गेलं असणार.

मामाजींनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाजवळ धरला.

"कोहळं मस्त हाये, प्रमोद," ते म्हणाले. "आता माह्यं इचार."

मग भाऊजींनी विचारलं, अगदी लहान आवाजात, "बाबा... कसे आहात?"

"बरा नाई," मामाजी म्हणाले. "तू ये."